आधी माझे मत सांगा

मार्तंडशास्त्री भर दरबारात गरजले, "डोळ्यांना दिसते तेवढेच सत्य! दुसऱ्याचा शब्द हा पुरावाच नव्हे."

वादात हरल्यास समोर उभ्या असलेल्या म्हाळसाबाईंची पाठशाळा बंद होणार होती. पण खंडन करण्याआधी प्रतिपक्षाचे मत स्वतः मांडून दाखवायचे, अशी वादाची रीत होती.

"शास्त्रीबुवा, आधी माझे मत सांगा," बाई शांतपणे म्हणाल्या.

"त्यात काय? जाणत्या माणसाच्या शब्दातूनही सत्य कळते, असे तुम्ही मानता."

"मी काय मानते, ते तुम्हाला डोळ्यांनी दिसले?"

"दिसेल कसे? तुम्हीच तर मघाशी सांगितलेत, बाई!"

"आणि तुम्ही ते खरे मानलेत?"

शास्त्रीबुवांनी पुढ्यातली पोथी मिटली.

राजा हसला. "बाईंची पाठशाळा चालू राहील. शास्त्रीबुवा, माझ्या शब्दावर विश्वास नसेल, तर उद्या तिथे जाऊन बसा."