पाळीवर घेतलेले नाव

येरंडटोल्याच्या तळ्याच्या पाळीवर पाय ठेवण्याआधी म्हातारे आसारामजी पाहुण्यांना थांबवतात आणि नाव विचारतात. एखाद्याने हसत "मला सगळे गोट्या म्हणतात" असे सांगितले, तर ते जागचे हलत नाहीत. "आईबापांनी ठेवलेलं सांगा," म्हणतात. ते ऐकल्यावरच वाट सोडतात आणि मग कारण सांगतात.

ही पाळ बांधली तेव्हा पाणी सोडायची मोरी डोमाजी नावाच्या माणसाने बसवली, असे सांगतात. त्याची एकुलती लेक इंद्रावती. सोळा वर्षांची ती पोर बापाबरोबर दगड वाहत असताना एक धोंडा निसटला आणि तिचा डावा पाय चिरडला. हाड जुळले, पण पाय वाकडाच राहिला. ती पुन्हा कामावर आली त्या दिवशी गावचे मालगुजार सदोबाजी सर्वांदेखत म्हणाले, "आली का लंगडी!" लोक हसले. तेव्हापासून ती लंगडी झाली. तिच्या गाईलाही लंगडीची गाय म्हणत. बाप तेवढा घरात 'इंदू' म्हणे. तो गेला आणि तिचे नाव घेणारे कोणी उरले नाही. ती कोणाशी भांडली नाही, पण हाक आली की तिचे दात करकरत, म्हणे.

वीस वर्षांनी भादव्यात सहा दिवस पाऊस लागून राहिला. तळे काठोकाठ भरले आणि भरदुपारी पाळीला भेग पडली. मोरीतून पाणी सोडले तरच पाळ वाचणार होती, पण मोरीचे तोंड बंद करणारा लाकडी दट्ट्या दोन पुरुष पाण्याखाली होता. तो कसा फिरवून काढायचा हे डोमाजीने फक्त लेकीला शिकवले होते. त्याच्यामागे तीच ते काम करी.

सदोबाजी ओरडले, "लंगडीले बोलवा!"

ती आधीच पदर खोचून आली होती. हाक ऐकली आणि थांबली.

"कोनाले बोलावता?"

"तुलेच! उतर लवकर, गाव बुडते!"

"माहं नाव घ्या. मंग उतरीन."

सदोबाजींना नाव आठवेना. त्यांनी शेजाऱ्याकडे पाहिले, शेजाऱ्याने बायकोकडे. पाळीवर दोनशे माणसे उभी होती. एकालाही ते सांगता येईना.

"या पाळीखाली माह्या पायाचं हाड चुरलं," ती कडाडली, "अन् तुमाले नाव आठवत नाही? माहा बाप इंदू म्हने, त्यात माया होती. तुमी तं माह्या दुखन्यालेच नाव करून टाकलं!"

भेगेतून चिखल वाहू लागला. कोणीतरी तिला शिवी हासडली. सदोबाजींनी त्याला गप्प केले, डोईचे पागोटे काढून हातात घेतले आणि म्हणाले, "बाई, तुमचं नाव सांगा."

"इंद्रावती. डोमाजीची इंद्रावती."

त्यांनी ते नाव घेतले. मग सगळ्या पाळीने घेतले. तिने उडी टाकली.

पहिल्यांदा ती रिकाम्या हाताने वर आली. दुसऱ्यांदा बराच वेळ आलीच नाही. मग पाळीपलीकडे मोरीतून पाण्याचा लोट फुटला आणि तिचे डोके वर दिसले. हातांची नखे उचकटली होती.

लोक पाया पडायला धावले. तिचा राग मात्र उतरला नव्हता. ती पाळीच्या वाटेवर आडवी उभी राहिली.

"कोनी घरी जायचं नाही. या बहिऱ्याचं नाव काय? त्या नकटीचं? त्या काळ्याचं? इचारा, मालगुजार!"

मालगुजारांनी चिखलात उभे राहून एकेकाला विचारले. बहिऱ्याला तीनदा विचारावे लागले. तो "नारायण" म्हणाला आणि रडू लागला, असे सांगतात. पुढे सदोबाजींनी तळ्याला तिचे नाव देऊ केले. तिने ते झिडकारले आणि मरेपर्यंत त्यांच्या घरचे पाणी प्यायली नाही.

आजही येरंडटोल्यात बारशाच्या दिवशी आई बाळाला पाळीवर आणते, नाव सांगते, आणि सारा गाव ते मोठ्याने घेतो. घरात लाडाने छकुली म्हणा, सोनू म्हणा, कोणाची हरकत नसते. पण पायावरून, रंगावरून, डोळ्यांवरून कोणी कोणाला हाक मारली, तर त्याने त्या माणसाला पाळीवर आणून सर्वांसमोर नाव विचारायचे. तोवर त्याच्याशी कोणी बोलत नाही. गेल्या साली सरपंचांनाही पागोटे काढून उभे राहावे लागले. हे सांगताना आसारामजी हसत नाहीत.