कंप्युटर उठेना, अंडी गारठली

एक होतं टेबल. टेबलावर होता कंप्युटर. आताच्यासारखा चपटा नाही हं. चांगला पेटीएवढा, पोट सुटलेला.

कंप्युटर होता आमच्या तात्यांचा. तात्या म्हणजे माझे आजोबा. घर होतं निफाडला. आणि निफाडला थंडी अशी पडते, की विचारू नका.

कंप्युटरच्या मागे राहायची एक पाल. एवढीशी, तुझ्या करंगळीएवढी. तिचं नाव पिटी. कंप्युटर चालू झाला की त्याची पाठ तापायची. पिटीने तिथेच दोन अंडी घातली. पांढरी पांढरी, वाटाण्याएवढी. रोज ऊब, रोज मजा.

मग आला दसरा.

दसऱ्याला तात्या सगळ्यांची पूजा करायचे. सायकलची, शिलाई मशीनची, अडकित्त्याचीसुद्धा. त्या वर्षी त्यांनी एक नवीन सीडी आणली होती. सीडी आत घातली की कंप्युटर नव्यासारखा होणार होता. जुनं सगळं तात्यांनी काढून टाकलं होतं.

पण पूजेशिवाय सीडी घालतील तर ते तात्या कसले? कंप्युटरला झेंडूचा हार घातला. सीडीला हळदकुंकू लावलं, तेही नेमकं चकचकीत बाजूला. कीबोर्डवर मूठभर अक्षता टाकल्या. मग सीडी आत घातली.

कंप्युटर म्हणाला, "टीं." आणि काळा पडला तो पडलाच.

तात्यांनी सीडी बाहेर काढली. कंप्युटरवर चादर घातली. दिवस गेले. थंडी आली. पिटीची अंडी झाली गार गार.

पिटी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गेली कंप्युटरकडे.

"कंप्युटरदादा, कंप्युटरदादा, ऊठ ना. अंडी माझी गारठली."

कंप्युटर म्हणाला, "मी नाही उठणार. सीडी फिरली तर उठेन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. पिटी गेली सीडीकडे.

"सीडीताई, सीडीताई, फिर ना. कंप्युटर उठेना, अंडी माझी गारठली."

सीडी म्हणाली, "मी नाही फिरणार. तोंडभर कुंकू लागलंय. मला काही दिसत नाही. फडक्याने पुसलं तर फिरेन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. पिटी गेली फडक्याकडे. फडकं खिडकीत वाळत होतं.

"फडक्या, फडक्या, पूस ना. सीडी फिरेना, कंप्युटर उठेना, अंडी माझी गारठली."

फडकं म्हणालं, "मी नाही पुसणार. मला काय हात आहेत? तात्यांनी धरलं तर पुसेन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. पिटी गेली तात्यांकडे. तात्या बशीत चहा ओतून पीत होते. फुर्र, फुर्र.

"तात्या, तात्या, फडकं धरा ना. फडकं पुसेना, सीडी फिरेना, कंप्युटर उठेना, अंडी माझी गारठली."

तात्या म्हणाले, "मी नाही धरणार गं बाई. नुसतं पुसून काय उपयोग? 'आधी सीडी बघ' असं कंप्युटरला सांगावं लागतं. ते सांगायचं कीबोर्डवर एक बटण असतं. ते बटणच दबत नाही. बटण दबलं तर धरेन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. पिटी गेली बटणाकडे.

"बटणराव, बटणराव, दबा ना. तात्या धरेनात, फडकं पुसेना, सीडी फिरेना, कंप्युटर उठेना, अंडी माझी गारठली."

बटण म्हणालं, "मी नाही दबणार. माझ्याखाली अक्षतांचा तांदूळ अडकलाय. मुंगीने ओढला तर दबेन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. पिटी गेली मुंगीकडे.

"मुंगीबाई, मुंगीबाई, तांदूळ ओढा ना. बटण दबेना, तात्या धरेनात, फडकं पुसेना, सीडी फिरेना, कंप्युटर उठेना, अंडी माझी गारठली."

मुंगी तुरुतुरु मागे सरकली.

"मी नाही ओढणार. जवळ आले की तू मला गट्टम करशील. परवा माझ्या मामीला खाल्लंस. मुंग्या खायच्या सोडल्यास तर ओढेन."

आता पिटी कोणाकडे जाणार? पुढे कोणीच नव्हतं.

पिटीला भूक लागली होती. थंडीत किडे कुठे मिळतात? आणि समोर मुंगी उभी. चांगली गुबगुबीत. पिटीने लाळ गिळली.

मग पिटीने अंड्यांकडे पाहिलं. एक अंडं. दोन अंडी. दोन्ही गार.

"नाही खाणार," पिटी म्हणाली. "चुक् चुक्."

आमच्याकडे पाल चुकचुकली, की बोललेलं खरं धरतात. तात्यांनीसुद्धा बोटाने टेबलावर टकटक केलं आणि म्हणाले, "खरं आहे हो, खरं आहे." मग मुंगीला पटलं.

मुंगी शिरली बटणाखाली. हेइशा, हेइशा. मुंगीने तांदूळ ओढला.
बटण दबलं, टक.
तात्यांनी फडकं धरलं.
फडक्याने कुंकू पुसलं, पुस पुस.
सीडी आत गेली, फिरली, घर्र घर्र, घर्र घर्र.
कंप्युटर उठला, टीं.
पाठ तापली, अंड्यांना ऊब मिळाली.

आणि मुंगी? ती तांदूळ डोक्यावर घेऊन पिटीच्या नाकासमोरून गेली. तिच्यामागे तिच्या सगळ्या बहिणी गेल्या, तुरुतुरु, तुरुतुरु. पिटी भिंतीकडे तोंड करून बसली.

दिवेलागण झाली. कंप्युटरचा पडदा निळा निळा दिसू लागला. उजेडावर चिलटं आली. पिटीने खाल्लं एक चिलट, मग दुसरं, मग तिसरं. पोट भरलं.

ती सीडीची घर्र घर्र आता कुठे ऐकू येत नाही. आताचे कंप्युटर गुपचूप उठतात. मला त्या आवाजाची फार आठवण येते. तात्यांची तर त्याहून येते.

दुसऱ्या दिवशी कंप्युटर चालूच. तिसऱ्या दिवशीही चालूच. तात्या समोर शाल गुंडाळून बसलेले, हात मांडीवर.

मी विचारलं, "तात्या, काय काम करताय?"

"काही नाही गं," तात्या म्हणाले. "नुसता चालू ठेवलाय."

चौथा दिवस झाला. पाचवा झाला. सहाव्या दिवशी कंप्युटरमागे आवाज झाला. टुक्. मग आणखी एक. टुक्.

एक नाक बाहेर आलं. दुसरं नाक बाहेर आलं. दोन पिल्लं, दोन शेपट्या. तात्या खाली वाकले, चष्मा वर केला आणि बघत राहिले. पिटी पुढे, पिल्लं मागे. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक, वर वर वर.

मग तात्यांनी कंप्युटर बंद केला. अगदी हळूच.

पिल्लं गेली छताला, गोष्ट आली शेवटाला.