शेंदराखालची भेग

शिरवंतीच्या पुलावर दसऱ्याला झेंडूचे एक फूलही दिसत नाही. त्या दिवशी गावात विळी-कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना हार पडतात, पण पुलाला कुंकवाचे बोटही लावायचे नाही. परगावचा कोणी भाविक नारळ घेऊन निघालाच, तर त्याला हटकतात आणि मग ही हकिकत सांगतात.

संस्थानच्या काळात इथे जुना दगडी पूल होता. एका पावसाळ्यानंतर त्याच्या मधल्या कमानीच्या पायथ्याशी भेग पडली आणि पाणी पाझरू लागले. लोकांना म्हणे त्या भेगेत डोळे दिसले, नाक दिसले. झाले, देवी प्रकटली म्हणून गावाने तिला शेंदूर फासला. दर अमावास्येला सगुणा गुरवीण नवा थर चढवी. भेग दिसेनाशी झाली, तसे गाव निर्धास्त झाले. चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांनीही तिथे हात जोडले, आता याला काय म्हणावे?

पुढे संस्थानच्या कायदेमंडळात जुना पूल पाडून नवा बांधण्याचा कायदा आला. गावाने सगुणेला पुढे केले. तिने भरल्या सभेत पदर पसरला, आईच्या अंगाला पहार लावू नका म्हणून विनवले. सभासद विरघळले आणि कायदा बासनात गेला. गावाने सगुणेची वाजतगाजत मिरवणूक काढली.

त्यानंतरच्या वैशाखात तिची लेक चंपू लग्न होऊन पहिल्यांदाच माहेरी यायची होती. त्याआधी देवीला शेंदूर लावावा म्हणून सगुणा पुलाखाली उतरली. तिने तेलाचा हात लावला मात्र, शेंदराचे अख्खे कवच निसटून तिच्या पुढ्यात पडले. मागे ना डोळे होते, ना नाक. मनगट जाईल एवढी फट होती आणि तिच्यातून पलीकडचे ऊन दिसत होते.

तेवढ्यात डोक्यावर घुंगरे वाजली. लेकीच्या गाड्या पुलावर चढल्या होत्या. सगुणा जिवाच्या आकांताने ओरडली, पण वरच्या वाजंत्र्यांत कोणाला ऐकू जाणार? एकेका गाडीसरशी फट उघडत होती, मिटत होती, चुना तिच्या तोंडावर गळत होता. हा पूल आपणच राखला, एवढेच तिला कळत होते.

गाड्या कशाबशा पार झाल्या. चंपू ओटीचे सामान घेऊन हसत खाली आली आणि वाकू लागली. सगुणेने तिचा दंड धरला.

"हात जोडू नगंस, पोरी. ही देवी न्हवं. भेग हाय."

असे सांगतात, की ते कवच पाटीत घालून सगुणा तशीच राजधानीला गेली आणि भर सभेत तिने ते पालथे घातले. आतल्या बाजूने भेगेचा ठसा उठला होता, कोयत्याच्या पात्याएवढा उंच. ज्यांनी कायदा गुंडाळला होता, त्यांनीच तो त्या बैठकीत मंजूर केला. पुलाला शेंदूर लागू नये, हे कलम सगुणेने स्वतः मागून घेतले.

आजही लग्नाची गाडी नव्या पुलाशी थांबते. नवरीची आई एकटी खाली उतरते आणि कमानीच्या उघड्या दगडावरून तळहात फिरवते. ती वर येऊन हो म्हणेपर्यंत तिच्या लेकीची गाडी कोणी पुलावर घालत नाही.