टिकली दाखवणारा रॉड

"सून मुकी आहे की मठ्ठ, एवढंच कळायचं राहिलंय!"

मामंजी हे सासूबाईंना म्हणाले तेव्हा मी दाराआड केरसुणी घेऊन उभी होते. राग यायला हवा होता. पण मलाही नक्की सांगता आलं नसतं.

मामंजी म्हणजे परसातल्या शेडचे राजे. निवृत्तीनंतर त्यांनी तिथे धातू कातायचा छोटा लेथ बसवलेला. प्रजा म्हणाल तर रोज झाडायला जाणारी मी! त्या दिवशी राजे खवळले होते. रविवारी प्रदर्शनात त्यांचं वाफेचं छोटं इंजिन धावायचं होतं, आणि त्याचा दट्ट्याच अजून व्हायचा होता.

समोर दोन रॉड. दोन्ही वीतभर लांब, वाटीच्या बुडाएवढे जाड, अंगाने सारखेच चकचकीत. एक फ्री कटिंग स्टीलचा, दुसरा साध्या स्टीलचा. कुठला कोणता? ओळखीसाठी टोकाला रंग असतो, आणि रंगाचं टोक शेवटी कापायचं असतं. हे गावभर शिकवणाऱ्या मामंजींनी दोन्ही रॉड रंगाकडूनच कापले होते!

"फ्री कटिंग लोण्यासारखं कापलं जातं," ते गरजले. "साधं मेलं ओरबाडून निघतं! धारेचं टूल एकच उरलंय. चुकीच्या रॉडवर मोडलं की इंजिन बसलं घरी! लेथला न लावता ओळखा. ओळखेल त्याने मागेल ते घ्यावं!"

ह्यांनी हातोडी मारून पाहिली. दोन्ही रॉड 'ठण्ण' म्हणाले. सासूबाईंनी दोन्ही हातांत तोलले. "माझ्या मते दोन्ही जड आहेत."

मी गुपचूप एक रॉड उचलून मामंजींपुढे धरला.

"हा? कशावरून?"

कारण लाजिरवाणं होतं. पण आता गप्प बसले असते तर मुकी ठरले असते, आणि बोलले तर मठ्ठ. मी मठ्ठ पसंत केलं.

"ह्याच्यात माझी टिकली दिसते."

मामंजींनी सासूबाईंकडे 'लागला निकाल!' अशा नजरेने पाहिलं.

"झाडताना रोज बघते," मी घाईघाईने म्हणाले. "घरातला आरसा तुमच्या खोलीत. सकाळी तिथे कशी येऊ? ह्याचं कापलेलं तोंड अगदी गुळगुळीत आहे. त्या दुसऱ्याचं खरबरीत. त्यात मला दोन नाकं येतात!"

मामंजींनी चष्मा पुसला. एक तोंड पाहिलं, दुसरं पाहिलं. मग माझा रॉड लेथला लावला. टूल टेकलं, आणि रव्यासारखा बारीक कीस भुरभुरू लागला!

"अगं, आम्ही रंग शोधत बसलो आणि तू तोंड बघितलंस!" मामंजी पोट धरून हसले. "ना मुकी, ना मठ्ठ! माग पोरी, काय हवं ते माग!"

लेथवर माझा रॉड गरगर फिरत होता, क्षणाक्षणाला बारीक होत होता. मी पदर सावरला.

"एक आरसा द्या, मामंजी. माझा तर इंजिनात चालला!"