झुमाना सासऱ्याला आणायला गेला

नायजर नदीच्या काठी कोरोबा नावाचं गाव होतं आणि त्या गावात झुमाना नावाचा एक भोळा राहत होता. भोळा हा शब्द त्याच्या आईसमोर वापरायचा. पाठीमागे लोक काय म्हणत ते सांगण्यासारखं नाही.

आई, नियेले, बाजारात धुरावलेले मासे विकायची. गुडघे धरलेले, म्हणून काठावरच्या खेड्यांतून माल आणायला ती झुमानाला नावेतून पाठवी. अंगानं रेडा होता. डोक्याचं काम तिचं तीच करी.

एकदा तिनं मीठ आणायला पाठवलं. झुमानानं मीठ नावेच्या तळाशी ओतलं. तळाला पाणी होतंच. घरी आली ती नुसती ओली नाव.

आईनं कपाळावर हात मारला. म्हणाली, असा माल पाण्याला लागू द्यायचा नाही, डोक्यावर घेऊन बसायचं.

झुमानानं ते नीट लक्षात ठेवलं. पुढच्या खेपेला शियाच्या झाडाच्या बियांचं लोणी आणायचं होतं. भर उन्हात तो लोण्याचा गोळा डोक्यावर घेऊन वल्ही मारत बसला. धक्क्यावर उतरला तेव्हा लोणी दाढीतून ठिबकत होतं आणि गावातली कुत्री त्याच्या मागे लागली होती.

आई म्हणाली, वाटेत घाट दिसला की नदीत बुडवून काढायचं, म्हणजे गार राहतं.

मग कोंबड्या आणायच्या होत्या. झुमानानं एक घाट चुकवला नाही.

"आई, अगदी गार आणल्यात बघ," तो म्हणाला. कोंबड्या खरोखरच गार झाल्या होत्या.

नियेलेनं मेलेल्या कोंबड्या मोजल्या. मग एकेक शब्द सुटा करून तिनं सांगितलं, "जिवंत जीव आणायचा तर पाय बांधायचे आणि नावेत आडवा टाकायचा. ओरडला तरी लक्ष द्यायचं नाही."

एवढं सगळं होऊनही याला मुलगी द्यायला एक माणूस तयार झाला होता. तो लांबच्या खेड्यातला होता, हेच त्याचं कारण. कासुम त्याचं नाव, कोळ्यांचा मुखिया, मोठा मानी म्हातारा. तो घर बघायला येणार होता. पसंत पडलं की लग्न ठरलं. नियेले पहाटेपासून चुलीपुढे होती, म्हणून आणायला झुमाना गेला.

संध्याकाळी सारं गाव धक्क्यावर जमलं. नाव आली. झुमानानं ती खुंटीला बांधली. नावेत पांढऱ्याशुभ्र झग्यातला कासुम आडवा पडला होता. पाय काथ्यानं आवळलेले, पागोटं तळच्या पाण्यात. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता, तरी शिव्या ऐकू येत होत्या.

"वाटभर ओरडतायत," झुमाना म्हणाला. "मी लक्षच दिलं नाही."

बायका पदराआड हसू लागल्या. नियेलेला धरणी दुभंगावी असं झालं. सून तर गेलीच होती, निदान म्हाताऱ्याची क्षमा मागावी म्हणून ती लंगडत पुढे आली.

"झुमाना, सोड," ती म्हणाली. "आधी सोड. एक शब्द बोलू नको."

झुमाना एक शब्द बोलला नाही. खाली वाकला, खुंटीचा दोर सोडला आणि नावेला पायानं चांगला रेटा दिला. नदीला ओढ होती. नाव गर्रकन फिरली आणि कासुमला घेऊन समुद्राच्या दिशेला लागली.

झुमानानं हात झटकले.

"सोडलं," तो म्हणाला. "आता जेवायला वाढ."