आग्रह करणारी डीपी

खांब आणि बल्ब एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. गावाला वीज देणाऱ्या डीपीला पंगतीत वाढावं तशी वीज वाढायची भारी हौस. "घ्या हो, लाजू नका!"

"पुरे, ताई!" जवळच्या घरातला बल्ब कळवळला. "अंगाची लाही होतेय. माझ्या आधीचा तर उडालाच!"

"मी हात आखडला, तर टोकाच्या घरातला बल्ब उपाशी राहील."

"त्याला विचारलंत का?" खांब म्हणाला.

तिने विचारलं. टोकाचा बल्ब म्हणाला, "थोडं कमी चालेल की! पण तुम्ही बोलू कुठे देता?"

डीपीने विजेचा दाब जरा उतरवला. वीज वाचली, बल्ब निवले, उजेडातला फरक कुणाच्या लक्षातही आला नाही.

डीपी रुसली. "एवढं वाचवलं, पण कौतुकाचा एक शब्द नाही!"

"ताई," जवळचा बल्ब म्हणाला, "जेवण सोसलं की पाहुणा गुपचूप झोपतो. वाढणारीची आठवण पोट बिघडल्यावरच निघते."