चिमटेमामांच्या घरी मुसळ्या आला

सायकलीच्या पुढच्या अंगाला एक होते चिमटेमामा. त्यांच्या दोन पायांमध्ये राहायचा चाकोबा, चाकोबाला बिलगून पातळशी चकतीबाई, आणि चकतीबाईला धरून गाडी थांबवणारे ब्रेकभाऊ. चाकोबाला जागेवर बसवायचं काम खिटीताईचं. काटकुळी, पण भारी चटपटीत; बाहेरून एक खटका दाबला की काम फत्ते!

मामांच्या पायांना खाली उघड्या खाचा. उतारावर भाऊंनी चकतीबाईला धरलं, की चाकोबा खाचेत सरकायचा आणि सुरू व्हायची किर्रर्र.

“मेल्या, चावतोस काय?” चकतीबाई भाऊंवर करवादायची.

“तूच वाकडी येतेस, भवाने!” भाऊ उलटायचे.

एकदा तर घाटात चाकोबा खाचेतून निसटता निसटता वाचला. मग मामांनी पावलं नवी करून घेतली, खाचांच्या जागी बंद भोकं. चाकोबानं पोटातलं भोक रुंद करून घेतलं. आणि आला चाकाचा जाडजूड आस, म्हणजे एक्सल, मुसळ्या.

“अगं बाई, हा मावायचा कसा?” चकतीबाई खिदळली.

मुसळ्या एका पायातून शिरला, चाकोबाच्या पोटातून आरपार गेला आणि पलीकडच्या पायातल्या आट्यांत गरगर फिरत घट्ट बसला.

“एवढ्यात मी चारदा लागले असते,” खिटीताई फणकारली.

“ताई, तुम्ही बाहेरून दाबता, मी आतून धरतो. चला घाटात!”

उतारावर भाऊंनी कचकन धरलं. चाकोबा तसूभर सरकला नाही. चकतीबाई डोळे मिटून किर्रर्रची वाट बघत राहिली, ती आलीच नाही!

तेव्हापासून त्या घराला असं सुख लागलं, की चढावरही सगळी उताराची वाट बघत गाणी म्हणतात.